गाणं यादीत खाली गेलं म्हणजे पडलं का?

मालवणजवळच्या आचऱ्याहून एका तरुणाने विचारलं आहे. त्याने आणि त्याच्या बहिणीने मिळून मालवणीत एक पॉप गाणं केलं, रात्रीच्या एसटीने गावाकडे निघालेल्या माणसाचं. गणपतीच्या बारा दिवस आधी, शुक्रवारी ते गाणी ऐकण्याच्या ॲपवर आलं. तिथल्या शंभर मराठी गाण्यांच्या साप्ताहिक यादीत पहिल्या आठवड्यात ते ३८ व्या क्रमांकावर होतं. मग ७१, मग ९४, मग ६६, मग ५८, आणि सहाव्या आठवड्यात यादीबाहेर. त्याच सहा आठवड्यांत गाणं किती वेळा वाजलं तेही त्याने दिलंय: १८,४००, ९,९००, ८,८००, ७,६००, ७,१००, ६,७००. त्याचे प्रश्न तीन. वाजणं कमी होत असताना क्रमांक ९४ वरून ५८ वर चढला कसा? मोठा भाऊ म्हणतो, "गाणा पडला, आता सोड तेचो नाद," ते खरं मानायचं का? आणि बारा हजार रुपयांत "पहिल्या वीसात आणून देतो" म्हणणाऱ्या एका माणसाला पैसे द्यायचे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते लांबवण्यात तुमचे पैसे जातील. देऊ नका. का, ते पुढे सांगतो.

मी सावंतवाडीत १९८७ पासून २०१० पर्यंत कॅसेट आणि सीडीचं दुकान चालवलं. दर शनिवारी रात्री शटर अर्धं ओढून, त्या आठवड्यात कुठली कॅसेट किती गेली ते वहीत उतरवायचं, हा नेम होता. त्या वह्या अजून माझ्याकडे आहेत. आता गेली बारा वर्षं सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या कलाकारांची गाणी ॲपवर चढवून देतो आणि त्यांचे आठवड्याचे आकडे त्यांच्यासोबत बसून वाचतो. तेव्हा तुमच्यासारखे आकडे माझ्यासमोर नेहमी येतात, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मूळ अडचण एकच असते. तुम्ही विचारताय "क्रमांक असा का हलला?" पण तुम्हाला खरं जाणून घ्यायचंय ते "आमचं गाणं लोकांना आवडलं का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. क्रमांक पहिल्याचं उत्तर देतो. दुसऱ्याचं उत्तर तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत आहे, पण ते क्रमांकाच्या रांगेत नाही.

क्रमांक म्हणजे त्या एका आठवड्यात तुमच्यापुढे किती गाणी होती, एवढंच. ५८ वा क्रमांक म्हणजे ५७ गाणी तुमच्याहून जास्त वाजली. त्या ५७ गाण्यांचं काय झालं यावर तुमचा क्रमांक जितका अवलंबून असतो तितका तो तुमच्या स्वतःच्या गाण्यावरही नसतो.

तुमच्या आकड्यांवरच बघा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गणपती बसले. तिसरा आठवडा पूर्णपणे गणपतीचा. त्या दिवसांत मराठी यादीत काय होतं हे दुकानदार म्हणून मी वीसेक वर्षं पाहिलंय आणि ॲपवरही तेच दिसतं. आरत्या, भजनं, बाप्पाची जुनी-नवी गाणी एकदम वर येतात. वर्षभर कुणी विचारत नाही अशी गाणी त्या दहा दिवसांत घराघरांत, मांडवामांडवांत वाजतात. ती तीस-चाळीस गाणी यादीत घुसली की बाकीची सगळी तेवढी खाली सरकतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यात ८,८०० वेळा वाजूनही तुम्ही ९४ व्या जागी. अनंत चतुर्दशी झाली, विसर्जन झालं, पितृपक्ष लागला, आणि ती सगळी गाणी आली तशी निघून गेली. नवं गाणं त्या पंधरवड्यात फारसं कुणी काढत नाही. मैदान रिकामं झालं आणि ७,६०० वर तुम्हाला ६६ वी जागा मिळाली, ७,१०० वर ५८ वी. मग नवरात्र तोंडावर आलं, गरब्याची आणि देवीची गाणी आली, आणि ६,७०० वर तुम्ही शंभराच्या बाहेर. पाचव्यातून सहाव्या आठवड्यात तुमचं गाणं फक्त चारशे वेळा कमी वाजलंय. क्रमांकात ते निदान त्रेचाळीस पायऱ्यांचं दिसलं.

आणखी एक गोष्ट इथे मदतीला येते. यादीच्या वरच्या टोकाला दोन गाण्यांमधलं अंतर मोठं असतं. पहिलं गाणं दुसऱ्याच्या दीडपट-दुप्पट वाजलेलं असू शकतं. खाली मात्र गर्दी असते. साठ ते शंभर या पट्ट्यात शे-दोनशे वेळांच्या फरकाने दहा-दहा जागा बदलतात. त्यामुळे ४ वरून ९ वर येणं ही मोठी घडामोड असते आणि ६६ वरून ९० वर जाणं ही कित्येकदा काहीच नसते. खालच्या भागातल्या हालचालीला मी कधीच अर्थ लावत नाही, निदान तीन आठवडे एकाच दिशेने जात नाही तोवर.

आचऱ्याची खाडी तुमच्या दारात आहे म्हणून तिथलंच सांगतो. धक्क्यावर उभं राहून होडी किती वर आलीय हे बघितलं, तर भरती आहे की ओहोटी ते कळतं. होडीत माल किती आहे ते कळत नाही. त्यासाठी होडी पाण्यात किती बुडालीय ते बघावं लागतं.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. टेलर स्विफ्टचं 'विलो' २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेच्या 'बिलबोर्ड हॉट १००' यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आलं आणि पुढच्याच आठवड्यात ३८ वर गेलं. जगातल्या सर्वांत मोठ्या गायिकेचं गाणं, आणि एका आठवड्यात सदतीस पायऱ्या. त्यात दोन कारणं एकत्र होती. पहिल्या आठवड्यात चाहत्यांनी एकदम धाव घेतली होती, आणि दुसरा आठवडा नेमका नाताळचा, म्हणजे त्यांचा गणपतीचा आठवडा म्हणा. मराया कॅरीचं नाताळचं गाणं १९९४ सालचं. ते त्या यादीत पहिल्यांदा अव्वल आलं ते २०१९ च्या डिसेंबरात, पंचवीस वर्षांनी, आणि नाताळ सरताच जानेवारीत पहिल्या क्रमांकावरून थेट यादीबाहेर गेलं. ते गाणं 'पडलं' असं कुणी म्हणालं नाही. दर डिसेंबरात ते परत येतं. तुमचं गाणं गावाकडे येण्याचं आहे, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवा, मी परत तिच्याकडे येणार आहे.

आता यादी मुळात बनते कशी, याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. यात मला फार गोडी आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

ब्रिटनमध्ये पहिली एकेरी गाण्यांची यादी १४ नोव्हेंबर १९५२ रोजी 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकात छापून आली. पर्सी डिकिन्स नावाच्या गृहस्थांनी वीसेक रेकॉर्डच्या दुकानांना फोन करून "या आठवड्यात काय जास्त खपलं?" असं विचारलं आणि बारा क्रमांकांची यादी केली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, ३ डिसेंबर १९५२ च्या बुधवारी, रेडिओ सिलोनवर हिंदी सिनेगीतांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. सुरुवातीला फक्त सात गाणी, क्रमांकांशिवाय. क्रमवारी नंतर आली, आणि निवेदक अमीन सयानी यांच्या तोंडचा 'पायदान' (पायरी, म्हणजे क्रमांक) हा शब्द घराघरांत गेला. माझे वडील सिलोन लागावं म्हणून बुधवारी रात्री आठला रेडिओ खिडकीत नेऊन ठेवायचे. शेजारपाजारची माणसं अंगणात. आपलं गाणं दोन पायदान खाली गेलं की आमच्याकडे जेवताना कुणी बोलायचं नाही. म्हणून सांगतो, क्रमांक बघून काळजात होणारी कालवाकालव मला अगदी ओळखीची आहे. तुम्ही वेडे नाही.

गीतमालेचे क्रमांक दुकानांतल्या रेकॉर्डविक्रीवरून आणि गावोगावच्या श्रोता संघांच्या पसंतीवरून ठरत. म्हणजे यादीमागे कुणीतरी माणूस असायचा, जो मोजायचा, आठवायचा, सांगायचा. अमेरिकेतही १९९१ पर्यंत तसंच चालत होतं. दुकानदार फोनवर सांगेल ते खरं. १९९१ मध्ये तिथे गल्ल्यावरच्या बारकोडवरून विक्री मोजायला लागले, आणि याद्यांचा चेहरा बदलला. कंट्री आणि रॅप ही गाणी दुकानदारांनी सांगितली होती त्यापेक्षा कितीतरी जास्त खपत होती. लोकांची आवड एका आठवड्यात बदलली नव्हती. मोजणं बदललं होतं.

म्हणून कुठलीही यादी हातात आली की पहिला प्रश्न: ही मोजते काय? 'बिलबोर्ड'ची मुख्य यादी ऑनलाइन ऐकणं, रेडिओ आणि विक्री हे तिन्ही एकत्र धरते. ब्रिटनची यादी रेडिओ धरतच नाही. गाण्याच्या ॲपची यादी फक्त त्या ॲपवरचं ऐकणं धरते, आणि तिथेही नियम असतात. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकल्याशिवाय ते ऐकणं गणलं जात नाही. यूट्यूबने २०१९ च्या सप्टेंबरपासून पैसे देऊन जाहिरातीतून मिळवलेले व्ह्यूज आपल्या याद्यांतून वगळले. शिवाय जुन्या गाण्यांना बाजूला करण्याचे नियम असतात. 'हॉट १००' मध्ये वीस आठवडे झालेलं गाणं पन्नासच्या खाली घसरलं की काढून टाकतात. ब्रिटनमध्ये २०१७ पासून, दहा आठवडे होऊन गेलेलं गाणं सलग तीन आठवडे उतरत असेल तर त्याचं ऑनलाइन ऐकणं निम्म्यानेच धरतात. म्हणजे तिथे एखादं गाणं अचानक वीस पायऱ्या खाली दिसलं, तर लोकांनी ऐकणं सोडलं असं नसतं. नियम लागू झालेला असतो.

केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल' हे १९८५ सालचं गाणं २०२२ मध्ये एका मालिकेमुळे नव्या पोरांनी डोक्यावर घेतलं तेव्हा हाच नियम आडवा आला होता. जुनं म्हणून त्याची मोजणी निम्मी होत होती. यादीवाल्यांनी त्याला नियमातून सोडवलं आणि ते सदतीस वर्षांनी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. मला ही गोष्ट फार आवडते. गाणं तेच, ऐकणारी पिढी दुसरी.

बरं, आता तुमच्या भावाचं म्हणणं. यात परिस्थितीवर अवलंबून असलेलं बरंच आहे. तुम्ही पहिल्या आठवड्यात किती लोकांना स्वतः लिंक पाठवलीत, मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर किती जणांनी ती पुढे ढकलली, गाण्याचा व्हिडिओ आहे का, रील्समध्ये कुणी वापरलंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण जेवढं दिलंय त्यावरून मी ठामपणे सांगू शकतो की गाणं पडलेलं नाही.

दर आठवड्याची घट टक्क्यांत काढा. पहिल्यातून दुसऱ्यात ४६ टक्के. मग ११. मग १४. मग ७. मग ६. पहिली घसरण मोठी आहे आणि ती असायलाच हवी. नवं गाणं आलं की पहिल्या आठवड्यात तुमचे चुलत-मावस भाऊ, शाळासोबती, वाडीतली माणसं, डोंबिवली-विरारला असलेले काका-मामा, सगळे एकदा ऐकतात. ती आपुलकी असते, आवड नव्हे. ती आपुलकी दुसऱ्या आठवड्यात ओसरते. प्रश्न असतो की ओसरल्यावर तळाशी काही उरतं का. जे गाणं खरंच पडतं त्याची घट थांबत नाही. ४६, मग ४०, मग ४५, मग ३५. महिन्याभरात तुमच्याएवढा आकडा दोनेक हजारांवर येतो. तुमचा आकडा सहा-सात हजारांवर येऊन स्थिरावतोय. याला मी बूड लागणं म्हणतो.

दुसरी खूण याहून पक्की आहे, आणि ती तुम्ही सहज जाता जाता लिहिलीत. पहिल्या आठवड्यात ११,५०० माणसांनी १८,४०० वेळा ऐकलं. म्हणजे माणशी १.६ वेळा. सहाव्या आठवड्यात २,९०० माणसांनी ६,७०० वेळा. माणशी २.३. माणसं चौथ्या हिश्शाएवढी राहिली, पण जी राहिली ती जास्त वेळा ऐकतायत. कुणाच्याही सांगण्यावरून नाही, स्वतःच्या मनाने. हे मी कॅसेटच्या काळात मोजू शकत नव्हतो. कॅसेट विकली गेली की ती घरात किती वेळा वाजली हे कोण सांगणार? फक्त एकच अंदाज असायचा: रीळ झिजली म्हणून तीच कॅसेट दुसऱ्यांदा न्यायला गिऱ्हाईक आलं, की समजायचं.

माझ्या वहीतलं एक उदाहरण देतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. एका गाजणाऱ्या सिनेमाची कॅसेट पहिल्या आठवड्यात माझ्याकडे ४५ गेली, मग २०, मग ८, मग २, आणि संपलं. त्याच महिन्यात डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या, भजनाची एक कॅसेट आली होती. ती पहिल्या आठवड्यात ४ गेली. मग ४. मग ५. मग ३. वर्षभर कधी तीन, कधी पाच, आणि श्रावणात दहा-बारा. वर्षअखेरीला बेरीज केली तर सिनेमाच्या ७५ आणि भजनाच्या दोनशेच्या वर. माझ्या त्या वर्षाच्या एकाही आठवड्यात भजनाची कॅसेट पहिल्या पाचांत नव्हती. दुकानाचं भाडं मात्र तिने भरलं. मी दुकानात माल भरण्याची पद्धत त्या वर्षापासून बदलली. आठवड्याची यादी बघायची, पण माल मागवायचा तो तिमाहीच्या बेरजेवर.

हळू चढणारी गाणी तर जगात कितीतरी आहेत. ग्लास ॲनिमल्स या ब्रिटिश बँडचं 'हीट वेव्ह्ज' २०२० च्या जूनमध्ये आलं आणि 'हॉट १००' मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचायला त्याला यादीत ५९ आठवडे लागले, मार्च २०२२ उजाडला. ते उदाहरण तुम्हाला आशा लावायला देत नाही. असं क्वचित होतं. पण सहाव्या आठवड्यात निकाल लावणं घाईचं आहे, एवढं त्यातून नक्की कळतं. कोकणातल्या गाण्यांसाठी तर मी वर्षाच्या आत निकाल लावत नाही, कारण आपल्याकडे ऐकण्याला पंचांग आहे. गणपती, शिमगा, मे महिन्यातल्या हळदी आणि लग्नं, नारळी पौर्णिमेला कोळीगीतं, तुळशीच्या लग्नानंतर जत्रा आणि दशावतार. चाकरमानी गावाकडे निघतात ते मुख्यतः तीनदा: गणपतीला, शिमग्याला आणि मेच्या सुट्टीत. तुमचं गाणं त्याच प्रवासाचं आहे. एसटीत बसलेला माणूस इअरफोन लावून ते ऐकणार, हे तुम्ही लिहितानाच ठरवलं असणार. म्हणजे नवरात्रात ते यादीबाहेर गेलं यात आश्चर्य नाही. शिमग्याला ते वर आलं नाही, तर मात्र मला काळजी वाटेल.

थोडक्यात इथवरचं: क्रमांक हलला तो आजूबाजूच्या गाण्यांमुळे, पहिली मोठी घट ही नातेवाइकांची ओसरलेली गर्दी, आणि तुमचं गाणं किती टिकलंय हे माणशी किती वेळा ऐकलं जातंय त्यातून दिसतं. ते टिकतंय.

आता तो बारा हजारवाला माणूस. इथे मी माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे, कारण नुसतं "फसाल" म्हटलं की कुणी ऐकत नाही.

एक कंपनी होती, नाव घेत नाही. तिचा माणूस दर आठवड्याला दुकानांना फोन करून विक्रीचे आकडे घ्यायचा. एकदा म्हणाला, "अमुक कॅसेटच्या सात गेल्यात ना, सत्तर सांगा. दहा कॅसेट फुकट पाठवतो." मी सांगितल्या. एकदा नव्हे, सलग तीन आठवडे. मला वाटलं, कागदावरचा आकडा आहे, कुणाचं काय जातंय. चौथ्या आठवड्यात कुडाळच्या ठोक विक्रेत्याने माझ्याच आकड्यांवर भरवसा ठेवून त्या कॅसेटचे दोन खोके उचलले आणि एक माझ्याकडे उतरवला. "तुझ्याकडे आठवड्याला सत्तर जातात ना?" मी काय बोलणार? त्या खोक्यातल्या बहुतेक कॅसेट पावसाळ्यात तशाच पडून राहिल्या, रीळांना बुरशी धरली. त्याचे पैसे मी त्याला सहा महिन्यांत फेडले. खोटा आकडा कागदावर राहत नाही. त्याच्यावर पुढचा कुणीतरी खरा निर्णय घेतो आणि खरे पैसे घालतो.

ॲपच्या बाबतीत तो 'पुढचा कुणीतरी' म्हणजे ॲप स्वतः. तुमचं गाणं कोण ऐकतंय हे बघून ते तसल्याच आवडीच्या दुसऱ्या माणसांना सुचवतं. आज तुमचे २,९०० श्रोते खरे आहेत. त्यांच्यावरून ॲप अंदाज बांधतंय की हे गाणं कल्याणच्या, लालबागच्या, कणकवलीच्या, मालवणी समजणाऱ्या माणसाला दाखवावं. तो माणूस बारा हजारांत काय आणणार? कुठल्या तरी खोलीत मांडलेले फोन किंवा दूरदेशची बनावट खाती, जी सेकंदाचा हिशोब धरून एकतिसाव्या सेकंदाला पुढचं गाणं लावतात. त्यांच्यावरून ॲप काय शिकणार? तुमचं गाणं कुणाला दाखवायचं ते त्याला कळेनासं होईल. पॅकेज संपलं की आकडा कोसळेल आणि जे बूड आज लागलंय तेही हलेल.

शिवाय पकडले गेलात तर नुकसान थेट आहे. स्पॉटिफायने २०२४ पासून बनावट ऐकणं मोठ्या प्रमाणावर आढळलेल्या गाण्यांसाठी, गाणं ॲपवर चढवून देणाऱ्या वितरकांकडून दंड घ्यायला सुरुवात केली, आणि वितरक तो शेवटी कलाकाराच्याच खात्यातून वळता करू शकतो. गाणं काढून टाकलं जाऊ शकतं. माझ्याकडच्या एका मुलाचं असंच झालं. त्याने मला न सांगता पॅकेज घेतलं, गाणं उतरवलं गेलं, आणि त्यासोबत त्याला मिळालेले खरे आठ महिन्यांचे श्रोतेही गेले. तो खूप रडला होता. त्याची आठवण आली म्हणून हे एवढं लांबवून लिहिलं.

पहिल्या वीसातला क्रमांक दाखवून कार्यक्रम मिळतील, असं त्या माणसाने तुम्हाला सांगितलं असेल. ते पूर्ण खोटं नाही. जत्रेचे आणि मंडळाचे आयोजक क्रमांक विचारतात, मला फोन करून विचारतात. त्यांना मी सांगतो तेच तुम्ही सांगा: "आमचं गाणं दर आठवड्याला सहा-सात हजार वेळा वाजतं आणि ऐकणारे इथले आहेत." हे ऐकून नाही म्हणालेला आयोजक मला अजून भेटलेला नाही.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर एक वही घातली असती. ॲपच्या डॅशबोर्डवर सगळं असतं हे खरं, पण हाताने लिहिलं की डोळ्याला वळण लागतं. शुक्रवार ते गुरुवार असा आठवडा धरा, कारण जुलै २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी येतात आणि बहुतेक याद्या त्यावरच बेतलेल्या असतात. तुम्ही शुक्रवारी गाणं काढलंत हे योग्यच केलंत. मंगळवारी काढलं असतं तर पहिली गर्दी दोन आठवड्यांत फुटली असती आणि ३८ वा क्रमांकही दिसला नसता. वहीत चार गोष्टी: किती वेळा वाजलं, किती माणसांनी ऐकलं, किती जणांनी सेव्ह केलं, आणि कुठल्या शहरांतून. शेजारी त्या आठवड्यात काय सण होता, पाऊस कसा होता, वीज होती का. हसू नका, जून-जुलैत आपल्याकडे दोन दिवस लाईट आणि नेटवर्क गेलं की सिंधुदुर्गातला आकडा लगेच खाली दिसतो. क्रमांक लिहायचाच असेल तर शेवटी, पेन्सिलीने.

गाणं काढून पुन्हा नव्याने अपलोड करण्याचा मोह होईल. "शिमग्याला ताजं म्हणून टाकू." तसं करू नका. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा कोड असतो आणि आजवरचं ऐकणं त्याच्याशी बांधलेलं असतं. नव्या कोडवर गेलात की शून्यापासून सुरुवात. आहे त्याच गाण्याचा तीस-चाळीस सेकंदांचा तुकडा, घाट उतरतानाचं ध्रुवपद असेल तो, शिमग्याच्या तीन आठवडे आधी रीलसाठी सोडा. परळच्या नाहीतर बोरिवलीच्या एसटी स्टँडवर प्रत्यक्ष शूट केलात तर फारच छान, त्याला हजार-दोन हजारांपेक्षा जास्त खर्च नाही.

उरलेले दहा हजार दुसऱ्या गाण्यात घाला. हे मी सगळ्यांना सांगतो आणि थोड्याच जणांना पटतं. एकच गाणं असलेल्या कलाकाराच्या पानावर आलेला माणूस ते ऐकून निघून जातो. दुसरं असेल तर पहिल्यावर परत येतो. माझ्याकडच्या कलाकारांत पहिलं गाणं परत वर उचललं गेल्याचं सर्वांत नेहमीचं कारण दुसरं गाणं हेच आहे. तुमच्या बहिणीचा आवाज वरच्या पट्टीत सुरेख जातो, दुसऱ्या कडव्यात तर फारच. पुढचं गाणं तिच्या पट्टीत करा. पहिल्यात तिला तुमच्यासाठी खाली उतरावं लागलंय, ते जाणवतं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी पुढच्या आठवड्यांचे आकडे इथेच टाका, श्रोत्यांच्या संख्येसह. शहरांची यादीही द्या. डोंबिवली आणि कल्याण वर असतील तर शिमग्याचं कसं लावायचं ते मी वेगळं लिहीन, आणि पुणे वर आलं असेल तर आपल्याला थोडा वेगळा विचार करावा लागेल.